स्वमत कोणाचं?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो, 'स्वमत'. धडा किंवा कविता वाचून तुला काय वाटलं ते तुझ्या शब्दांत लिही, एवढंच. म्हणजे ज्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडू नये असा हा प्रश्न. पण आपण पालक आणि आपली मुलं इतकी हुशार, की त्याचंही उत्तर गाईडमधून शोधून काढतो. पाठ करतो. वर्गातल्या पन्नास मुलांना पावसाच्या कवितेबद्दल अगदी तेच आणि तेवढंच वाटतं, स्वल्पविरामासकट!

हे आजचं नाही. आपल्या वेळीही 'एकवीस अपेक्षित' होतंच की. फरक इतकाच, की गाईड विकत आणावं लागायचं, त्यातलं निदान हाताने उतरवून काढावं लागायचं. आता तेही नको. आमच्या शेजारची नववीतली मुलगी परवा आईच्या मोबाईलवर काहीतरी टाइप करत बसली होती. मी सहज डोकावले. तिनं लिहिलं होतं, 'या कवितेवर माझं स्वमत लिहून दे.' माझं! आणि त्या मोबाईलनं दहा सेकंदांत लिहूनही दिलं, 'मला असे वाटते की...' कोणाला वाटतं? मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. तिची आई शिवणकाम करते. ती म्हणाली, "ताई, आता अभ्यास पटापट उरकतो बघा. पुढच्या वर्षी क्लास लावायचीसुद्धा गरज नाही."

त्या माउलीला मी काय सांगणार होते? क्लासची फी किती असते ते तिला माहीत आहे आणि मलाही. त्यामुळे 'मोबाईल काढून घ्या' हा सल्ला मी देणार नाही. तो देणं फार सोपं आणि पाळणं अशक्य. चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरच्या शेवटी आलं आणि पाहता पाहता घराघरात शिरलं. गुगलचं जेमिनी आहे, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की तिथेही एआयचं ते निळसर वर्तुळ आहेच. यातली बरीचशी मराठीत विचारलं तर मराठीतच बोलतात. शाळाही मागे नाहीत. सीबीएसईने नववीला एआय हा विषय २०१९ मध्येच आणला, आणि २०२६-२७ पासून तो तिसरीच्या वर्गापासून शिकवायचा असं केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हा ही कृत्रिम बुद्धिमत्ता घरात येणार की नाही हा प्रश्न संपला. ती आलीच आहे. ती आल्यावर आपल्या लेकीची स्वतःची बुद्धी वाढते की गंजते, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. हे मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत २०२३ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला होता. नववी ते अकरावीची जवळजवळ हजार मुलं, विषय गणित. त्यांचे तीन गट केले. एका गटाला फक्त वही-पुस्तक. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं एआय, विचारलं की उत्तर देणारं. तिसऱ्या गटाचं एआय मात्र शिक्षकांनी मुद्दाम वळण लावलेलं होतं. ते उत्तर सांगायचं नाही, खुणा द्यायचं. 'इथे काय करायला हवं असं तुला वाटतं?' असं उलट विचारायचं.

सरावाच्या वेळी गंमतच झाली. साधं एआय मिळालेल्या मुलांनी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. वळण लावलेलं एआय मिळालेल्यांनी तर १२७ टक्के. आयांनी पेढेच वाटले असते! मग परीक्षेच्या वेळी मोबाईल, संगणक सगळं काढून घेतलं. आणि साध्या एआयवर सराव केलेली मुलं, ज्यांना एआय दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. म्हणजे काही न मिळालेलीच बरी. खुणा देणाऱ्या एआयवाल्यांचं तसं नुकसान झालं नाही. (फार फायदाही झाला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर आपण लगेच दुसऱ्या टोकाला जातो.) मला सगळ्यात टोचली ती पुढची गोष्ट. मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलोय हे कळलंच नव्हतं. आपलं छान चाललंय असंच त्यांना वाटत होतं.

आमच्या शेजारच्या मुलीलाही तसंच वाटतं. तिच्या आईलाही.

यंत्र सगळ्यांचं एकच होतं. एकाला उत्तर देण्याची सवय होती, दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची, फरक तेवढाच. आणि मैत्रिणींनो, उत्तरापेक्षा प्रश्नाला मोठं मानण्याची ही गोष्ट आपल्या शहराला काही नवी नाही.

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या आपण रोज 'मिलिंद कॉलेज' म्हणतो, 'नागसेनवन' म्हणतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना म्हणतो. पण हे मिलिंद कोण आणि नागसेन कोण, हे किती जणींनी मुलांना सांगितलंय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मराठवाड्यातल्या मुलांसाठी इथे कॉलेज सुरू केलं. पुढे त्याला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसराला नागसेनाचं. मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. पंजाबातल्या सागल नगरीत त्याची राजधानी होती, म्हणजे आजचं सियालकोट. वादविवादात तो भल्याभल्यांना गप्प करायचा. त्याला भेटला भिक्खू नागसेन. त्या दोघांच्या संवादाचा पाली ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह', अर्थात मिलिंदाचे प्रश्न. पाहा हं, ग्रंथाला नाव उत्तरं देणाऱ्याचं नाही, प्रश्न विचारणाऱ्याचं आहे.

त्यातली रथाची गोष्ट मुलांना फार आवडते. नागसेन राजाला विचारतो, आपण इथवर कसे आलात? राजा म्हणतो, रथातून. मग नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? हा आस म्हणजे रथ का? नाही. ही चाकं म्हणजे रथ? नाही. दांडी? नाही. जू? नाही. मग रथ आहे तरी कुठे? राजा विचारात पडतो. नागसेनाला उत्तर ठाऊक होतं, एका वाक्यात सांगून मोकळा झाला असता. त्यानं तसं केलं नाही, राजाला एकेक पायरी चढायला लावली. आणखी एक गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. पुढचं बोलणं सुरू होण्याआधी नागसेनानं अट घातली होती, की आपण राजासारखं बोलणार असाल तर मी बोलणार नाही, विद्वानांसारखं बोलणार असाल तर बोलेन. कारण विद्वानाला कुणी खोडून काढलं तर तो रागवत नाही, राजा मात्र शिक्षा देतो.

आता सांगा, आपल्या घरात मूल वडिलांना खोडून काढू शकतं का? शाळेत बाईंना 'पण असं का?' असं दोनदा विचारू शकतं का? चाळीस मिनिटांचा तास, साठ पोरं, अभ्यासक्रम संपवायचा, त्या बाईंचा तरी काय दोष. इथेच मला हे यंत्र कामाचं वाटतं. ते रागवत नाही, थकत नाही, हसत नाही. वर्गात तोंड न उघडणारी बुजरी मुलगी त्याला शंभर वेळा 'का?' विचारू शकते. फक्त त्याला नागसेन व्हायला सांगावं लागतं. आपण होऊन ते गाईडच होतं.

ते सांगायचं कसं? अगदी साध्या मराठीत. 'मी नववीत आहे. मला उत्तर सांगू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार, मी लिहीन, मग पुढचा प्रश्न विचार. माझं चुकलं तर कुठे चुकलं असेल ते मलाच शोधू दे.' एवढं टाइप केलं, किंवा माइकचं चित्र दाबून नुसतं बोललं तरी चालतं. २०२५ मध्ये चॅटजीपीटीनं 'स्टडी मोड' आणि जेमिनीनं 'गाइडेड लर्निंग' नावाची सोयही आणली, ती साधारण हेच काम करते. पण मुलं चलाख असतात. दोन प्रश्नांनंतर 'बास, आता उत्तर सांग' म्हटलं की यंत्र बिचारं सांगून टाकतं. म्हणून पहिले काही दिवस शेजारी बसावं लागतं. पोळ्या लाटता लाटता बसलात तरी चालेल.

इथे एक शंका तुमच्या मनात आलीच असेल. 'मी सातवीपर्यंत शिकलेली, मला यातलं काय कळणार?' कळायची गरजच नाही हो! तुम्हाला एकच शब्द यायला हवा आणि तो तुम्हाला जन्मापासून येतो. कशावरून?

भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय आपण भेंडी घेत नाही. टरबूज वाजवून बघतो. सोनाराकडे गेलो तर वजनकाट्यावरची नजर हलत नाही. 'अमकीच्या सुनेनं असं केलं' म्हणून कुणी सांगत आलं, तर 'तू स्वतः पाहिलंस का?' असं विचारणारी एखादी तरी प्रत्येक गल्लीत असते. ही सगळी चिकित्साच आहे, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. हाच चोखंदळपणा मोबाईलमधून आलेल्या माहितीला लावायचा. मूल म्हणालं, एआय असं म्हणतंय, की विचारायचं, कशावरून? अजून कोण म्हणतं? याच्या उलट कुणी म्हणतं का?

हे करायला आपल्या गावाइतका चांगला फळा नाही. एक उदाहरण सांगते, मुलांना घेऊन सुट्टीत करून बघा. एआयला विचारा, बीबी का मकबरा कोणी आणि केव्हा बांधला? उत्तर एकच येईल असं नाही. कधी येईल, औरंगजेबानं १६६० मध्ये बायकोसाठी. कधी येईल, त्याचा मुलगा आझमशहा यानं आईसाठी, १६५१ ते १६६१ या काळात. हे दुसरं उत्तर यंत्रानं मनानं रचलेलं नाही. माहितीच्या कितीतरी पानांवर, पुरातत्त्व खात्याच्या माहितीतसुद्धा, ते तसंच दिलेलं आहे. छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार, नाही का?

आता मुलांना कागद-पेन्सिल द्या. ज्या दिलरास बानू बेगमची ही कबर, ती वारली कधी? १६५७ मध्ये. मग तिची कबर १६५१ पासून, तिच्या मरणाआधी सहा वर्षं कशी बांधत होते? आझमशहाचा जन्म कधीचा? १६५३चा. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा तो जन्मलाच नव्हता आणि संपलं तेव्हा आठ वर्षांचा होता! आठ वर्षांचं पोर आईसाठी मकबरा बांधतं? आणि १६५१ मध्ये औरंगजेब तरी इथे होता का? नव्हता. तो तेव्हा मुलतानचा सुभेदार होता, दख्खनची सुभेदारी त्याच्याकडे पुन्हा आली ती त्यानंतर. वजाबाकी दुसरीतली आहे. पण ती करायची बुद्धी व्हायला हवी.

मग पुढचा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. आझमचं नाव का जोडलं गेलं? तो मोठा झाल्यावर त्यानं काही काम करवून घेतलं असेल का? की आईवरच्या मुलाच्या प्रेमाची गोष्ट लोकांना जास्त आवडली? दरवाजावरच्या लेखात नावं कोणाची आहेत? ती आहेत वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची. हा अताउल्ला ज्याचा मुलगा, तो उस्ताद अहमद लाहोरी ताजमहालाचा मुख्य वास्तुकार मानला जातो. खर्च किती आला? सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, असं गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त आहे. सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्यांनी बांधणाऱ्याचं नाव मात्र आपल्याला वाद घालायला ठेवलं! आता हेच सगळं मुलांनी एआयला परत विचारायचं. 'तू म्हणालास आझमशहानं बांधला, पण तो तेव्हा लहान होता, मग कसं?' यंत्र माफी मागेल आणि उत्तर बदलेल. इथेच थांबायचं नाही. 'आत्ता बदललंस ते तरी कशावरून?' असं विचारायचं. कारण ही यंत्रं भारी गोड स्वभावाची असतात. आपण चुकीचं सांगितलं तरी कधीकधी 'तुमचं बरोबर आहे' म्हणून मोकळी होतात. गोड बोलणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे बायकांना वेगळं शिकवायला नको.

यंत्र चुकतं का, तेही थोडक्यात सांगते. ते आपल्यासारखं 'जाणत' नाही. जगभरातला अफाट मजकूर त्याला वाचायला दिलेला असतो आणि त्यावरून एका शब्दापुढे कुठला शब्द येणं संभवतं, हे ते जुळवत जातं. त्यामुळे भाषा एकदम सफाईदार, पण मजकूर खराच असेल याची हमी नाही. मराठीतला मजकूर इंटरनेटवर इंग्रजीच्या मानानं फारच थोडा. मग आपल्या तालुक्याबद्दल, आपल्या जत्रेबद्दल, आपल्या पिकांबद्दल विचारलं की ते जास्त अडखळतं आणि अडखळलं तरी आवाज तोच, ठणठणीत. त्या तुर्कस्तानच्या प्रयोगातही तेव्हाचं साधं एआय गणिताची जवळजवळ निम्मी उत्तरं चुकीची देत होतं. आता यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. चुका कमी झाल्या म्हणून त्या ओळखणं उलट अवघड झालंय.

पण नुसत्या चुका काढणं म्हणजे विचार नव्हे. घरात एखादा असतोच, प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा, त्याला काय आपण विचारवंत म्हणतो? विचार म्हणजे स्वतःचं काहीतरी उभं करणं. तेव्हा दुसरा एक उद्योग सुचवते. तो आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाचा आहे, पाण्याचा.

या शहरानं वर्षानुवर्षं आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणारं नळाचं पाणी पाहिलंय. कुठल्या वेळी येईल ते नक्की नाही, म्हणून लग्नकार्य सोडून घरी थांबलेल्या बायका मी पाहिल्यात. आणि तासाभराच्या अंतरावर पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेलं जायकवाडीचं एवढं मोठं धरण. मुलीला सांगा, एआयला विचार, आपल्या शहरात पाणी इतक्या दिवसांनी का येतं? ते सांगेल, मराठवाड्यात पाऊस कमी, लोकसंख्या वाढली, पाण्याचा अपव्यय. निबंधासारखं छान. आता तिला म्हणा, ज्या वर्षी जायकवाडी भरून दरवाजे उघडले त्या वर्षी तरी आपल्याला रोज पाणी आलं का? नाही आलं. मग कारण फक्त पाऊस कसं असेल? इथून ती जुन्या जलवाहिन्यांपर्यंत पोचेल, गळतीपर्यंत पोचेल, पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोचेल, धरणातलं पाणी कोणाकोणाला वाटून जातं इथवर पोचेल. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी नहरीनं शहरभर खेळवलं होतं, तेही तिला सापडेल.

त्याच बरोबर तिला एक वही करायला लावा. पाणी कोणत्या तारखेला आलं, किती वाजता, किती वेळ, किती ड्रम भरले, टँकरला किती पैसे गेले, भरायला घरातलं कोण उठलं. दोन महिने. मग शेजारच्या चार घरांची तशीच नोंद. ही माहिती जगातल्या कुठल्याही एआयकडे नाही. ती फक्त तुमच्या लेकीच्या वहीत आहे. ती यंत्रापुढे मांडून ती विचारू शकते, 'यातून काय दिसतं? मी काय निष्कर्ष काढू? माझ्या निष्कर्षात कच्चं काय आहे?' यंत्र बेरजा करून देईल, तक्ता आखून देईल, उलट प्रश्न विचारील. पण 'भरायला घरातलं कोण उठलं' या रकान्यात चारही घरांत बाईचंच नाव का आहे, हे तिचं तिलाच दिसेल. त्यावर तिला काय वाटतं ते स्वमत.

मुक्ता साळवेची आठवण इथे येतेच. पुण्यात जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली चौदा-एक वर्षांची पोर. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दल. वेद वाचण्याचा अधिकारच आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता, असं तिनं त्यात थेट विचारलं. जेमतेम तीन वर्षांचं शिक्षण झालं होतं तिचं. पुढ्यात गाईड नव्हतं. जे भोगलं होतं ते होतं, आणि त्याबद्दल प्रश्न विचारायला शिकवणारी शाळा होती.

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांसाठीही हे यंत्र फार छान भिडू आहे. 'मोबाईल शाप की वरदान' हा विषय काही आपल्या शाळांचा पिच्छा सोडत नाही. मुलीनं आधी स्वतःचे चार मुद्दे कागदावर लिहायचे. आधी, हे महत्त्वाचं. मग यंत्राला सांगायचं, तू माझ्या विरुद्ध बाजूनं बोल, जोरात बोल, गोड बोलू नकोस. चार वेळा हरली की पाचव्या वेळी तिचा मुद्दा असा धारदार होतो की पाहत राहावं. आईनं भाषण लिहून देऊन पाठ करून घेण्यापेक्षा हे कधीही चांगलं. (आणि हो, आपण सगळ्यांनीच ती भाषणं लिहून दिलेली आहेत!)

थोडं काळजीचंही बोलते. तेरा वर्षांखालच्या मुलांना चॅटजीपीटी वापरायची परवानगी नाही, आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते, असं त्यांच्याच नियमात आहे. तेव्हा लहानांनी आईच्या शेजारी बसून, आईनं विचारायचं आणि त्यांनी प्रश्न सुचवायचे. मुलीचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता, फोटो तिथे द्यायचे नाहीत. मनातलं दुःख सांगायला यंत्र फार सोयीचं वाटतं, कारण ते कुणाला सांगत नाही असं मुलांना वाटतं. त्यावर जरा लक्ष ठेवा.

आणि आता खरी अडचण. घरात फोन एक किंवा दोन. एक वडिलांबरोबर कामावर जातो. दुसरा संध्याकाळी येतो भावाच्या हातात. मुलीची पाळी येते भांडी घासून झाल्यावर, तेव्हा डेटा संपलेला असतो. 'तिला काय करायचाय मोबाईल, वाईट नाद लागेल' हेही आपणच म्हणतो. नायजेरियात जागतिक बँकेनं २०२४ मध्ये एक प्रयोग केला. सरकारी शाळेतली मुलं, शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, एआयच्या मदतीनं इंग्रजी शिकली. शिक्षक पूर्ण वेळ वर्गात होते, मुलांना नुसतं सोडून दिलं नव्हतं. मुलांची चांगली प्रगती झाली आणि सुरुवातीला मागे असलेल्या मुलींची तर मुलांपेक्षा जास्त. मुलींना फक्त वेळ आणि यंत्र मिळायचा अवकाश होता. आठवड्यातून दोनदा म्हणजे काही फार नाही. सोमवार-गुरुवार अर्धा-अर्धा तास फोन तिचा, असं घरात सगळ्यांसमोर ठरवून टाकता येतं. भिशीचे वार आपण ठरवतोच की.

फोन कमी असले तरी मार्ग निघतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेनं दाखवलंय. गाव गाडीवाट, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. २०१९ मध्ये शाळेनं चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, तुम्हाला कुठली परदेशी भाषा शिकायला आवडेल? शिक्षकांना वाटलं मुलं काहीतरी नेहमीचं सांगतील. मुलं म्हणाली, जपानी. का? तर आम्हाला रोबोट शिकायचेत. गावाला धड रस्ता नव्हता, पण इंटरनेट होतं. शहरातल्या एका जाणकारानं विनामूल्य शिकवायची तयारी दाखवली आणि २०२० मध्ये, ऐन करोनाच्या दिवसांत, सत्तरहून अधिक मुलं ऑनलाइन जपानी शिकू लागली. सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हतेच. मग शाळेनं 'विषयमित्र' केले. ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी शिकायचं आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना जाऊन शिकवायचं.